कागद वरून वाचायचा की खालून?

बाळकाका, त्या सोमवारी मी तसं बोलायला नको होतं.

एवढं एक वाक्य लिहिलं, पेन खाली ठेवलं आणि दुकानात जाऊन दोन गिऱ्हाइकांना पडद्यांचे नमुने दाखवून आलो. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊकच आहे. माफी मागायला बसलो की मला नेमकं दुसरं काम आठवतं. तर ते वाक्य तिथंच राहू दे, त्याच्याकडे मग येतो. आधी कागदाचं बोलतो. काल तुमचा तेरावा झाला. लोक जेवून गेले, काकूंनी तुमची छत्री कुणाला तरी देऊन टाकली, सगळं रीतसर पार पडलं. फक्त तो कागद मला अजून कळलेला नाही. तुम्ही असतात तर एका मिनिटाचं काम होतं. मी विचारलं असतं, "काका, हा वरून वाचायचा की खालून?" तुम्ही चष्म्यावरून बघितलं असतं, "गाढवा" म्हणाला असतात आणि पुढे उत्तर दिलं असतं. आता गाढवही मीच आणि उत्तर शोधणाराही मीच.

तुमच्याकडे रुजुवात झाल्याशिवाय आमच्या ग्वाल्हेरच्या गल्लीतला एकही फॉर्म कधी बाहेर पडला नाही. मराठी घरांचं सोडाच, कोपऱ्यावरचा हलवाईसुद्धा मुलीच्या शाळेचा फॉर्म घेऊन यायचा. "सर, ज़रा मिला दीजिए." मग तुम्ही खुर्ची खिडकीकडे सरकवायचात. मूळ कागद तुमच्या हातात, नक्कल समोरच्याच्या हातात. त्यानं मोठ्यानं वाचायचं, तुम्ही ओळीवर बोट ठेवायचं आणि म्हणायचं, "जमलं. पुढे." चाळीस वर्षं गणित शिकवलंत, पण तुमच्या आवाजात आम्हाला सगळ्यांना आठवतात ते हे दोनच शब्द.

आणि वाचायचं ते उलट. शेवटची ओळ आधी, पहिली ओळ शेवटी. लहानपणी मला हा शुद्ध छळ वाटायचा. एकदा विचारलं, तर म्हणालात, "सरळ वाचलं की डोळा पुढचं आधीच धरून चालतो. उलट वाचलं की प्रत्येक ओळीला थांबावं लागतं. अप्पांची रीत आहे ही, तुझ्या आजोबांची." म्हणून वाचायची नक्कल तुम्ही मुद्दाम उलट्या क्रमानं लिहायचात, तळाची ओळ वर आणि वरची तळाला. आकडे घालायचे नाहीत. आकडा दिसला की माणूस वाचत नाही, मोजतो, हे तुमचंच. सगळं मिळालं की तळाशी एक शब्द लिहायचात, "रुजू". मग तो कागद पक्का. मूळ कुठला आणि उलटी नक्कल कुठली, हे कागदावर कधीच लिहिलेलं नसायचं. ते तुमच्या डोक्यात असायचं. आम्हाला विचारायची गरज पडली नाही, कारण तुम्ही होतात.

माझा स्वतःचा फॉर्म तुम्ही मिळवून बघितलात तो दिवस आठवतो? बारावी झाली होती आणि मी वस्त्रोद्योगाच्या डिप्लोमाचा फॉर्म घेऊन आलो होतो. "वस्त्रोद्योग" या शब्दावर तुमचं बोट थांबलं. "जमलं" आलंच नाही.

"सुध्या, मिल बंद पडली तर?"

"काका, मिल कधी बंद पडते का? बिर्लानगरचा भोंगा रोज ऐकू येतो ना!"

अशी माझी दूरदृष्टी. डिप्लोमा झाला, मिलमध्ये चिकटलो, सूत हातात घेऊन नुसत्या स्पर्शावरून त्याच्या जाडीचा नंबर सांगू लागलो, आणि थोड्याच वर्षांत भोंगा बंद. सूत ओळखणाऱ्या माणसाला मिलच्या बाहेर कोण ओळखतं? तेव्हा सगळ्या गोतावळ्यानं "आम्ही तर म्हटलंच होतं" हे वाक्य मला ऐकवलं. ज्यांनी खरोखर म्हटलं होतं ते तुम्ही एकटे गप्प राहिलात. मी पडद्यांचं दुकान टाकलं त्या दिवशी सकाळी पहिलं गिऱ्हाईक म्हणून आलात आणि बैठकीच्या तिन्ही खिडक्यांचे पडदे शिवायला टाकलेत. ते मी वीतभर आखूड केले. माप माझ्याच हातानं घेतलं होतं. बदलून देतो म्हटलं तर म्हणालात, "राहू दे, खालून उजेड येतो." इतकी वर्षं ते तसेच आहेत. परवा लोक तुमच्यासाठी बसायला आले तेव्हा त्या वीतभर फटीतून ऊन येऊन सगळ्यांच्या पावलांवर पडलं होतं. मी मान खाली घालून बसलो होतो. लोकांना वाटलं, दुःखानं. दुःख होतंच, पण मी आपल्या मापाकडेही बघत होतो.

तर अशा माणसावर पोरीची शाखा निवडायची वेळ आली.

सानिकाला कॉम्प्युटर करायचं होतं, यावर आपलं सगळ्यांचं एकमत. भांडण त्याच्या पुढचं. नुसतं कॉम्प्युटर सायन्स घ्यायचं, की एआयचं खास कॉम्प्युटर सायन्स? तुम्ही दोन शब्दांत नावं ठेवून टाकलीत, "साधी" आणि "खास". यंदा कॉलेजनं घोळही भरपूर घातला होता. कॉम्प्युटर आणि आयटी हे दोन विभाग एकात मिसळले आणि त्या एकातून परत चार नव्या शाखा काढल्या. मी माहितीपुस्तक वाचून दाखवलं, तर तुम्ही हसत सुटलात. "अरे, हा तर मध्य भारत झाला!"

आणि मग अप्पांची गोष्ट. ती यायचीच.

संस्थान विलीन झालं, मध्य भारत झाला, मग त्याचाही मध्य प्रदेश झाला. दर वेळी खाती जोडली, तोडली, परत जोडली. अप्पा जुन्या मोडी दप्तरात. सनदा, इनामं, हद्दींचे तंटे, सगळं मोडीत, आणि अप्पा ते वर्तमानपत्रासारखं वाचायचे. नवा साहेब यादी घेऊन बसला आणि एकेकाला विचारू लागला, "और क्या आता है?" अप्पा म्हणाले, "मोडी." "वो तो लिखा है. और?" और काही नव्हतंच. महिन्याभरात त्यांची खुर्ची व्हरांड्यात आली, आवक-जावक टपालावर, सगळं हिंदीत. ज्याचं अक्षर बघायला लोक यायचे तो माणूस घरी तुमच्या शाळेच्या पाटीवर हिंदी गिरवायचा, आणि चौथीतले तुम्ही त्याच्या मात्रा सुधारायचात. इथं आलात की तुम्ही चष्मा काढून पुसायचात, आणि परत घालून सिद्धांत मांडायचात. "एकच खास गोष्ट येणारा माणूस खातं बदललं की व्हरांड्यात. पोरीला साधी शाखा दे. सगळं थोडं थोडं येऊ दे."

माझं मत काय होतं? माझं मत गिऱ्हाइकागणिक बदलत होतं. सोमवारी एका बाईंचा भाचा साध्या शाखेतून पास होऊन घरीच बसलाय असं कळलं, म्हणून मी खास. मंगळवारी एक साहेब पडदे बघता बघता म्हणाले, खास शाखेत शिकवायला माणसंच नाहीत, म्हणून मी साधा. बुधवारी दाल बाजारातले एक ठोक व्यापारी आले. "भाईसाहब, अब तो एआई का ज़माना है." ज्यांचा जन्म तूरडाळीत गेला त्यांच्या म्हणण्यावर मी पोरीचं भवितव्य परत फिरवलं. सानिकाची आई म्हणाली, "आधी पडद्याचं माप नीट घ्या, मग पोरीच्या आयुष्याचं घ्या."

तुम्ही मात्र तुमच्या पद्धतीनं गेलात. दोन्ही शाखांचे अभ्यासक्रम छापून आणायला लावलेत आणि त्यांची रुजुवात केलीत! मी खास शाखेचा वाचत होतो, तुमच्या हातात साध्या शाखेचा. या वेळी सरळच वाचायचं होतं, वरून खाली. पहिली दोन वर्षं आपण "जमलं, पुढे, जमलं, पुढे" करत गेलो. गणित तेच, प्रोग्रॅमिंग तेच, डेटाबेस तेच. तिसऱ्या वर्षी दोन-तीन ठिकाणी तुमचं बोट थांबलं, चौथ्यात आणखी थोड्या ठिकाणी. संपलं.

"एवढंच?" मी म्हटलं.

"एवढंच. तीन आठवडे तू दुकानावरच्या पाटीवरून भांडतोयस. आत माल बहुतेक तोच आहे."

यावर शहाणा माणूस गप्प बसला असता. मी म्हटलं, "पण पाटी बघूनच गिऱ्हाईक आत येतं ना, काका!" तुम्ही चष्म्यावरून बघितलंत, "गाढवा" मात्र म्हणाला नाहीत. तुम्हाला बहुधा माझा मुद्दा थोडासा पटला होता. निदान मला आता तसं वाटतं. आता मला तुमच्याबद्दल सोयीचं काहीही वाटू शकतं, तुम्ही खोडून काढायला येणार नाही.

मग तो सोमवार. कॉलेजांची पसंती भरायची मुदत पुढच्या सोमवारी पाच वाजेपर्यंत होती. सहा पर्याय, क्रमवार. ग्वाल्हेर, भोपाळ, इंदूर, आणि तिन्ही ठिकाणी साधी आणि खास. मी आलो तेव्हा तुम्ही पेनात शाई भरत होतात. त्या दिवशी मी "खास" होतो, आणि दुकानात एक माप चुकल्यामुळे आधीच तापलेला होतो. तुम्ही म्हणालात, "बस. अप्पांची खुर्ची जेव्हा व्हरांड्यात आली ना..."

आणि मी म्हणालो. शब्दन् शब्द लिहितो, कारण रुजुवातीत गाळायचं नसतं. "काका, तुमच्या अप्पांची खुर्ची व्हरांड्यात गेली म्हणून माझ्या पोरीनं काय जन्मभर व्हरांड्याला भ्यायचं? तुम्हाला यातलं काय कळतं? तुमच्या वेळी कॉम्प्युटर होता तरी कुठे!"

"तुमच्या अप्पांची" म्हणालो. जसे काही ते माझे आजोबा नव्हतेच.

तुम्ही पेनाचं टोपण लावलंत. नीट, फिरवून. मग म्हणालात, "चहा घेणार?"

"नको."

तुमच्या घरून चहा न घेता मी उठलो असा तो पहिला दिवस. मंगळवारी येणार होतो. मंगळवारी एका लग्नघराचे पडदे लावायचे होते. बुधवारी सकाळी काकूंचा फोन आला.

शनिवारी सकाळी काकूंनी मला तुमच्या टेबलाच्या खणातून एक कागद काढून दिला. "सुधीर, हा तुझ्या नावानं ठेवला होता. सोमवारीच लिहिलाय, तू गेल्यावर." वर "चि. सुध्या" आणि खाली सहा ओळी. आकडे नाहीत. पहिली ओळ, ग्वाल्हेर, खास. दुसरी इंदूर, खास. आणि असं करत करत तळाला, अगदी शेवटी, ग्वाल्हेर, साधी.

मी तिथंच जमिनीवर बसलो. खास शाखा सगळ्यात वर! म्हणजे तुम्ही माझं ऐकलंत. मी तसं तोडून बोललो, आणि तुम्ही माझ्या मागे टेबलाशी बसून, जन्मभर सांगितलेला सिद्धांत बाजूला ठेवून, माझ्या मनासारखी यादी करून ठेवलीत. मी रडलो. काकू म्हणाल्या, "अरे, चष्मा पुस, कागद ओला होईल." आणि थोड्या वेळानं, "तुझा चहा त्यांनी झाकून ठेवला होता त्या दिवशी. म्हणाले, येईल परत."

बाळकाका, त्या वाक्याचं मी काय करू ते मला अजून समजलेलं नाही.

मग मी काय केलं? जे मी नेहमी करतो ते. रविवारी सकाळी तुमच्याच टेबलाशी बसून लॅपटॉप उघडला. आधी काकूंना विचारलं, सुतकात फॉर्म भरलेला चालतो का. काकू म्हणाल्या, "पोर्टलला सुतक नसतं." मी तुमचा कागद समोर ठेवला, जशाच्या तशा सहाही ओळी भरल्या आणि मोठ्या भक्तिभावानं "लॉक" दाबलं. सानिकाला विचारलं नाही. तुमची शेवटची इच्छा आहे, त्यात विचारायचं काय! एकदा लॉक झालं की बदलत नाही, हे त्याच पानावर लाल अक्षरांत लिहिलं होतं. मी सूत ओळखतो, लाल अक्षरं नाही.

तेवढ्यात सानिका आतल्या खोलीतून फोन घेऊन आली. "बाबा, ये ओटीपी किस चीज़ का आया है? तुम्ही काय लॉक करताय?"

माझी अक्कल नाही, तर तो ओटीपी कामाला आला. तिचा नंबर होता म्हणून तिच्या फोनवर गेला. तिनं तो सांगितला नाही, लॉक झालं नाही. तिनं स्क्रीन बघितली, मग कागद बघितला, आणि म्हणाली, "बाबा, आजोबांचा कागद तुम्ही वरून भरलात?"

"मग कुठून भरणार?"

"अहो, ही रुजुवातीची नक्कल असली तर? ती उलटी असते ना! मग पहिली पसंती खाली आहे. ग्वाल्हेर, साधी."

चाळीस वर्षं तुमच्यासमोर उलटं वाचलं आणि ऐन वेळी सरळ वाचून बसलो. ही चूक करायला आपल्याच घरात जन्म घ्यावा लागतो. बाहेरच्या कुणाला यादी उलटी असू शकते ही शंकाच आली नसती.

मग आम्ही दोघं त्या कागदावर पोलिसांसारखे बसलो. शाई वर गडद, खाली फिकट, म्हणजे वरून लिहिलाय. पण नक्कलही तुम्ही वरूनच लिहायचात. मूळ कागद वेगळा असेल म्हणून खण उपसला, पुस्तकं झटकली, पंचांगातही बघितलं. अप्पांचा मोडीतला एक जुना कागद सापडला, तो आम्हाला वरूनही वाचता आला नाही आणि खालूनही. शेवटी काकूंना विचारलं, "काका तुम्हाला काही बोलले होते का, साधी की खास?"

काकू म्हणाल्या, "मला एवढंच म्हणाले, सुध्याला काही कळत नाही."

"ते तर दोन्हीकडून खरं आहे," सानिका म्हणाली.

आता खरं सांगतो. मला तो कागद उलटा असायला हवा होता. शाखेचं मला काही पडलं नव्हतं. कागद उलटा असेल तर तुम्ही तुमच्या मतावर कायम होतात, माझं बोलणं उडवून लावलंत, "गाढव आहे" म्हणालात आणि झोपलात. कागद सरळ असेल तर मी तुम्हाला वाकवलं. आयुष्यात एकदाच तुम्ही माझ्यापुढे हरलात, आणि ते मी ओरडलो म्हणून. मला जिंकायचं नव्हतं, काका. मला फक्त वाद घालायचा होता.

मी सानिकाला म्हटलं, "उलटाच आहे. नक्की उलटा. आजोबा जन्मभर साध्या शाखेचे. अप्पांची गोष्ट आठव, व्हरांड्यातली खुर्ची..."

"कुठली खुर्ची?" ती म्हणाली. "मला तर त्यांनी जीपची गोष्ट सांगितली होती."

जीप?

पन्नाशी उलटल्यावर मी माझ्या आजोबांची उरलेली अर्धी गोष्ट माझ्या पोरीच्या तोंडून ऐकली. व्हरांड्यात टपाल लिहीत काही वर्षं गेली, आणि जमिनींचे तंटे निघू लागले. कोर्टात जुने कागद यायला लागले, सगळे मोडीत, आणि वाचणारा कुणी उरला नाही. मग अधूनमधून सकाळी गल्लीच्या तोंडाशी सरकारी जीप उभी राहायची. "पंडितजी हैं?" अप्पा धुतलेली टोपी घालून निघायचे. निवृत्त झाले तरी जीप येत राहिली. सानिका म्हणाली, "आजोबा बोले, जीप से उतरते थे ना, तो एकदम नवरदेव दिसायचे."

बाळकाका, हा कुठला न्याय? एकच गोष्ट, आणि तुम्ही ती दोघांत अर्धी-अर्धी वाटलीत! मला व्हरांडा दिलात, तिला जीप दिलीत. मला म्हणालात एकच गोष्ट येणारा बुडतो, तिला सांगितलंत की त्याच एका गोष्टीसाठी जीप येते. यातलं कुठलं खरं धरायचं? की मला एक जखम होती म्हणून मला तेवढंच औषध दिलंत? मिल बंद पडलेल्या माणसाला जीपची गोष्ट कशी सांगायची, असं तुम्हाला वाटलं असेल. तसं असेल तर तुमचे आभार. तसं नसेल तर भांडण अजून चालू आहे.

"मग तुला काय घे म्हणाले?" मी विचारलं.

"काहीच नाही. बोले, तुझ्यासाठी जीप येईल का, ते नको बघू. जीप नाही आली तरी तू काय वाचत बसशील, ते बघ. मी म्हटलं, आजोबा, मुझे तो अभी पता ही नहीं. तर म्हणाले, मग तसं लिही फॉर्मवर. मी म्हटलं, फॉर्मवर तो कॉलमच नसतो."

मी एकदम उभा राहिलो. मला दिव्य कल्पना सुचली होती. "अगं, मग तू एआय घे आणि मोडी वाचणारं यंत्र कर! अप्पा, जीप, सगळं..."

"बाबा, प्लीज़. फ़िल्मी नको."

बसलो.

तिनं कागद परत हातात घेतला. मग म्हणाली, "यावर रुजू नाहीये."

खरंच नव्हतं. सहा ओळी, आणि तळाशी नुसती मोकळी जागा. मी दोन दिवस ओळींकडे बघत होतो, मोकळ्या जागेकडे बघितलंच नाही.

"म्हणजे हे पक्कं नव्हतंच," सानिका म्हणाली. "वरून वाचा नाहीतर खालून. ते मिळवून बघायला थांबले होते."

कुणासाठी थांबला होतात, हे ती बोलली नाही. चहा कुणासाठी झाकला होता, हे मीही बोललो नाही.

मग तिनं वहीतलं पान फाडलं आणि स्वतःची यादी लिहिली. पहिली ग्वाल्हेर, साधी. दुसरी मात्र इंदूर, खास, कारण तिथली प्रयोगशाळा तिला आवडली होती. तिसरी भोपाळ, साधी. पुढे अशीच सरमिसळ. तुमच्या कागदाशी ती वरूनही जमत नव्हती आणि खालूनही. मी विचारलं, काही तत्त्व आहे का यात? ती म्हणाली, "तत्त्व काय, बाबा. अजून माहीत नाही, म्हणून आधी सगळं बघते. आवडलं त्यात मग घुसते. और इंदौर वाला लैब मिळाला तर तेही चालेल." इतकं साधं बोलणं आपल्या घरात या विषयावर पहिल्यांदाच झालं असेल.

मी लॅपटॉपवर भरलं. ती तुमच्या खुर्चीत बसली, खुर्ची खिडकीकडे सरकवली, आणि म्हणाली, "वाचा. खालून." मी स्क्रीनवरून वाचत गेलो, ती बोट ठेवत गेली. "जमलं. पुढे." आवाज अठरा वर्षांच्या पोरीचा. पहिल्या पसंतीशी, म्हणजे शेवटच्या ओळीशी येऊन मी थांबलो. तिनं थांबू दिलं. मग पानाच्या तळाशी तिनं रुजू लिहिलं, आणि स्वतःच ओटीपी घालून लॉक केलं.

परवा यादी लागली. ग्वाल्हेर, साधी.

तुम्ही खूश झाला असतात की "इंदूर का गेलं" म्हणून हळहळला असतात, मला खरोखर माहीत नाही. दाल बाजारचे व्यापारी मात्र हळहळले. मी त्यांना सांगितलं, आत माल बहुतेक तोच आहे. बघा, तुमचं वाक्य मी तुमच्या मागे वापरायला लागलो. तुमच्या समोर कधी वापरलं नाही.

इथवर लिहून झालं आणि वाटलं, हाही कागदच आहे, असाच कसा बाहेर जाऊ द्यायचा. म्हणून आज सकाळी पानं घेऊन तुमच्या घरी गेलो. काकूंनी चहा दिला, मी घेतला. पडद्यांखालून ऊन आलं होतं. काकूंना समोर बसवलं, पानं त्यांच्या हातात दिली आणि माझ्या फोनमध्ये काढलेल्या फोटोंवरून खालून वर वाचू लागलो. रुजू, ओटीपी, जीप, झाकलेला चहा, टोपण लावलेलं पेन, आखूड पडदे, मिलचा भोंगा. उलट वाचलं की खरंच प्रत्येक ओळीला थांबावं लागतं. काकूंचं बोट हळूहळू वर सरकत होतं. मधे दोनदा त्यांनी चष्मा पुसला, तुमच्यासारखाच.

सगळं संपून एकच ओळ उरली. पहिलं पान, अगदी वर, त्या सोमवारची. तीही वाचली.

"जमलं," काकू म्हणाल्या. "पुढे?"

पुढे काही नव्हतं.